घडवलेली मैना

‘माझी मैना’ माहीत नाही असा माणूस वाळवा तालुक्यात शोधायला निघालात तर संध्याकाळपर्यंत रिकाम्या हातानं परत याल. अण्णा भाऊ साठ्यांची ही छक्कड जयंतीच्या मिरवणुकीत वाजते, गॅदरिंगमध्ये वाजते, विठ्ठल उमपांच्या आवाजात तर ती घराघरांत पोचली आहे. विचारलं की लोक एका वाक्यात अर्थ सांगून मोकळे होतात : “मैना म्हणजे बेळगाव-कारवार हो. संयुक्त महाराष्ट्राचं गाणं आहे ते.”

या एका वाक्याच्या उत्तरावर माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण उभं आहे. एका बाईचा नकाशा कसा होतो? आणि नकाशा होण्याआधी तरी ती ‘बाई’ होती का?

तुम्ही गाणं शेवटचं कधी नीट ऐकलंत? नीट म्हणजे डफ-तुणतुण्यावर मान न डोलवता, फक्त शब्द. मी थोडक्यात सांगते. सुरुवातीला बराच वेळ गडी नुसतं तिचं रूप सांगतो. बांधा, रंग, भुवया, चाल, वास. एका ओघात तो तिला सीता म्हणतो आणि सोन्यात घडवलेल्या पुतळीची उपमा देतो. मग गरिबी येते. मुंबईला जायचं ठरतं. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधला जातो, ती त्याला गावाच्या वेशीपर्यंत घालवायला येते आणि तिथं तिचं तोंड उतरतं. तो तिला हसवायला बघतो. पत्रं पाठवीन म्हणतो, दागिने करीन म्हणतो, आणि मग दागिन्यांची अशी यादी सुरू होते की सराफकट्ट्यावर उभं राहिल्यासारखं वाटावं : शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, मासोळ्या, नथ. ती हसत नाही. तो निघून जातो. पुढं मुंबई, तिथली श्रीमंती आणि तिथली मरणं, मग आंदोलन, फाउंटनचा रस्ता. आणि अगदी अखेरीस, काही ओळींपुरती, सीमाभागाची गोष्ट.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्या लांब गाण्यात मैना एकही शब्द बोलत नाही.

माझ्या प्रबंधात मी ‘कृत्रिम प्रेयसी’ असा शब्द वापरते. हाडामांसाची बाई जवळ नाही म्हणून, किंवा आहे तशी चालत नाही म्हणून, कुणीतरी घडवून घेतलेली. लाकडाची, सोन्याची, कपड्यांची नाहीतर शब्दांची. तुम्ही म्हणाल हे पाश्चात्त्य खूळ आहे. तिकडं याचे नमुने भरपूर आहेत हे खरं. हॉफमनच्या १८१६ सालच्या कथेतला तरुण ऑलिंपिया नावाच्या यांत्रिक बाहुलीवर जीव टाकतो. ऑफेनबाखच्या ऑपेरात, १८८१ साली पॅरिसमध्ये, ती बाहुली गातेसुद्धा आणि गाता गाता तिची किल्ली उतरते. ओस्कर कोकोश्का या चित्रकाराची तर खरीखुरी हकिकत आहे. आल्मा माहलर सोडून गेली, तेव्हा १९१८ साली त्यानं हर्मिने मोस या बाहुल्या करणाऱ्या बाईकडून आल्माच्या मापाची बाहुली करवून घेतली. त्वचा कशी हवी, कुठं हात लावल्यावर काय वाटायला हवं, याच्या सूचना देणारी त्याची पत्रं छापलेली आहेत. बाहुली आली, निराशा झाली, आणि शेवटी एका दारूच्या मेजवानीनंतर तिचं मुंडकं उडवलं गेलं. युरोपातल्या कॅबरेमध्ये हा विषय पुढं काळ्या विनोदानं गायला गेला यात नवल नाही.

पण आपल्याकडं याहून जुनी गोष्ट आहे आणि ती कीर्तनात ऐकून आपल्याला इतकी सवयीची झालीय की तिचं विचित्रपण जाणवत नाही. उत्तरकांडात रामानं सीतेला वनात पाठवलेलं आहे. अश्वमेधाला पत्नी शेजारी हवी. दुसरं लग्न त्याला करायचं नाही. मग तो सोन्याची सीता करवून घेतो आणि तिला शेजारी बसवून यज्ञ करतो. यावर आपण ‘एकपत्नीव्रत’ म्हणून माना डोलावतो. खरी सीता तेव्हा जिवंत आहे, वाल्मीकींच्या आश्रमात दोन पोरं वाढवतेय. सोन्याच्या सीतेची सोय अशी, की ती काही विचारत नाही.

ही सीता मनात ठेवा, कारण सांगलीची गोष्ट सीतेपासूनच सुरू होते.

१८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली. संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी आपल्या भाषेत करा. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ झालं. रंगभूमी दिन आपण त्याच तारखेला पाळतो, हे तुम्हाला माहीतच आहे. फारसं बोललं जात नाही ते हे की भावे कळसूत्री बाहुल्याही घडवत. त्यांच्या त्या लाकडी बाहुल्या टिकल्या, आणि रामदास पाध्यांनी दुरुस्त करून त्या पुन्हा नाचवल्या. मला मात्र बाहुल्यांपेक्षा त्यांच्या नाटकाची रीत जास्त बाहुलीसारखी वाटते. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. रामाची पदं तोच, रावणाची तोच, सीतेचीही तोच. पद झालं की पात्रानं मनानं चार वाक्यं बोलायची. आणि सीता म्हणजे अर्थातच लुगडं नेसलेला मुलगा. म्हणजे सीतेचं दुःख एका पुरुषाच्या गळ्यातून, दुसऱ्या पुरुषाच्या अंगावर. ‘सूत्रधार’ हा शब्द इथं अगदी शब्दशः घ्यायचा.

इथून साठ-सत्तर वर्षं पुढं उडी मारते. मधला काळ महत्त्वाचा नाही असं नाही, हरिपूरच्या देवलांवर वेगळं लिहावंच लागेल. पण आपला धागा नारायणराव राजहंसांकडे जातो. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, नागठाण्याचा, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठचा. किर्लोस्कर मंडळीत ते १९०५ साली दाखल झाले ते मिरजेत. १९११ साली त्यांनी ‘मानापमान’मधली भामिनी केली. नाटक लिहिणारे खाडिलकर सांगलीचेच. या नाटकाचं कथानक आठवा : धैर्यधर गरीब शिपाईगडी म्हणून भामिनी त्याला झिडकारते, मग स्वतः वनमाला नावाच्या साध्या मुलीचं सोंग घेते आणि धैर्यधर त्या वनमालेच्या प्रेमात पडतो. थोडं थांबून मोजा. नारायणराव भामिनी झालेत, भामिनी वनमाला झालीय, आणि प्रेक्षागृहातला पुरुष जिच्यासाठी झुरतोय ती तिसऱ्या थरावर आहे. वनमाला नाटकातसुद्धा अस्तित्वात नाही!

त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग झाला. ही आठवण नेहमी रंगभूमीवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो, तो निष्ठेमुळे नव्हे. घडवलेली प्रेयसी उभी करायला माणसाला स्वतःचं काय काय विंगेत ठेवून यावं लागतं, याचा तो हिशोब आहे.

आणि उलटा प्रवासही झाला. घरंदाज बायका बालगंधर्वांसारखं लुगडं नेसू लागल्या, तसा गजरा माळू लागल्या. म्हणजे पुरुषानं कल्पनेनं केलेली बाई हा नमुना झाला आणि खऱ्या बाया त्याची नक्कल. कोकोश्काला हे जमलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, संगीत नाटक ठीक आहे, ते पांढरपेशांचं. तमाशात तर खरी बाई नाचते. हो, पण केव्हापासून? पेशवाईतल्या फडात नाच्या पोऱ्या असायचा. रामजोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर या सगळ्या पुरुषांनी लिहिलेल्या विरहाच्या लावण्या बहुतेक बाईच्या तोंडच्या आहेत : सखा परदेशी गेला, शेज सुनी पडली. लिहिणारा पुरुष, नाचणारा पोऱ्या, ऐकणारे पुरुष. या सगळ्या मांडणीत बाई फक्त सर्वनामात आहे. गवळणीतली मावशीसुद्धा बाप्याच. तासगावकडच्या सावळजचे उमाजी बाबाजी सावळजकर, ज्यांच्या ‘मोहना बटाव’ला पहिला वग मानतात, त्यांचा काळही १८६५ च्या आसपासचा, तेव्हाचाच.

फडावर नाचणारी पहिली स्त्री म्हणून नाव घेतलं जातं ते पवळाबाईचं. ती संगमनेरकडची, महार समाजातली. आणि तिच्यासाठी लावण्या लिहिणारे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे. गाव आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा साताऱ्यात. ब्राह्मण कुलकर्णी घर सोडून तमाशात गेला, जात गेली, वतन गेलं, ही गोष्ट आपल्याकडं फार रंगवून सांगतात. सिनेमासारखीच आहे ती. पण सांगताना नजर कायम बापूरावांवर असते. त्यांनी काय सोडलं याची यादी आहे, पवळाबाईला काय मिळालं याची यादी नाही. इथं बाई खरी आहे, घामाची, पायात चाळ बांधलेली. पण तिच्या तोंडातली हुरहूर पुन्हा पुरुषाच्याच लेखणीची. कृत्रिम प्रेयसीला फक्त जिवंत शरीर मिळालं, एवढाच फरक. आणि त्या शरीराला जात होती. महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, म्हणून आंबेडकरांनी बापूरावांची देणगी नाकारली, ही हकिकत दलित चळवळीच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येते. शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात लावणी कलावंतांवर लिहिताना हाच प्रश्न धरला होता : लावणीतल्या बाईची इच्छा नेमकी कुणाची आणि तिचा पैसा कुणाच्या खिशात? माझं सगळं काम त्या प्रश्नाच्या सावलीत चालतं, हे इथं कबूल करून टाकते.

बरं, आता परत वाटेगावला.

अण्णा भाऊंचा जन्म १९२० चा, मांगवाड्यातला. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी आईबापांबरोबर चालत मुंबई गाठलेला मुलगा. चुलतभाऊ बापू साठ्यांचा तमाशाचा फड होता, त्यात अण्णा भाऊ तयार झाले. १९४४ साली अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक निघालं. तमाशाचा साचा त्यांनी ठेवला पण आत मोडतोड केली. गणातला गणपती गेला, तिथं मातीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गवळणीला फाटा दिला. कृष्णानं वाट अडवलेल्या गवळणी आणि ती मावशी, दोन्ही बाहेर. पुढं मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणल्यावर ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झालं. रूपवती बाईचं वर्णन हा तमाशाचा हुकमाचा पत्ता, तो मात्र त्यांनी टाकला नाही. ‘माझी मैना’त तो पुरता खेळला आहे.

फरक कुठं आहे? मला तीन-चार जागा दिसतात, पण एकीवर जास्त वेळ घालवते : ती दागिन्यांची यादी.

जुन्या लावणीत दागिने अंगावर असतात. बाई नटून समोर उभी आहे आणि शाहीर वरून खाली मोजतोय. अण्णा भाऊंच्या मैनेच्या अंगावर यातला एकही डाग नाही! सगळी यादी वचनाची आहे, भविष्यकाळातली. गिरणीत किंवा गोदीत हमाली करणारा माणूस, ज्याच्या पिशवीत भाकरतुकडा आहे, तो कोल्हापुरी साज आणि शिंदेशाही तोडे बोलतोय. हे होणार नाही हे त्याला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि लालबागमध्ये जमिनीवर बसून ऐकणाऱ्या हजारोंना तर पक्कं माहीत आहे. तेव्हा गडी तिथं वेशीवर उभा राहून शब्दांनी एक दुसरी मैना घडवतोय, दागिन्यांनी मढलेली, हसणारी. आणि समोरची खरी मैना त्या सोन्याकडं बघून हसत नाही. अण्णा भाऊ कळीची प्रतिमा वापरून सांगतात की ती उमलली नाही. रामाला सोन्याच्या सीतेनं यज्ञ उरकता आला. या गड्याला तेवढंही जमत नाही, कारण खरी बाई अजून समोर उभी आहे आणि तिनं सौदा नाकारलाय. न बोलता, पण नाकारलाय. आपल्या शाहिरीत अशी जागा मला दुसरी सापडत नाही.

मग तो मुंबईत येतो. इथं इतिहासाची थोडी आकडेमोड हवी. १९२१ आणि १९३१ च्या जनगणनेत मुंबई शहरात हजार पुरुषांमागे सहाशेहूनही कमी स्त्रिया होत्या. घाटावरून आणि कोकणातून आलेले गडी एका खोलीत दहा-पंधरा जण, खानावळीत जेवायचं, पाळीपाळीनं झोपायचं, वर्षातून एकदा गावी. अशा खोलीत सगळ्यांचीच मैना गावाकडं असते. आठवून आठवून ती रोज थोडी बदलते, जास्त गोरी, जास्त मंद चालणारी, जास्त गप्प होत जाते. गाण्याच्या सुरुवातीचं ते लांबलचक रूपवर्णन कुठल्या जागेवरून केलंय हे मग कळतं. तो तिच्यासमोर उभा राहून बोलत नाहीये, चाळीत पथारीवर पडून तिला पुन्हा जुळवतोय. सोन्यात घडवलेल्या पुतळीची उपमा त्यामुळं मला नुसती रूढ उपमा वाटत नाही. विरहात प्रत्येकजण थोडा कासार, थोडा सोनार होतो.

आणि नकाशा? १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी नोव्हेंबर १९५५ मध्ये आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले होते. गाणं त्या धगीतलं आहे. आता शेवटच्या ओळी काय म्हणतात ते बारकाईनं बघा. ‘मैना म्हणजे महाराष्ट्र’ असं त्या कुठंही म्हणत नाहीत. गावाकडच्या मैनेची भेट नाही, आणि खंडित महाराष्ट्राचीही तीच गत, एवढंच. उपमा आहे, रूपक नाही. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं येतात ती मैनेच्या शेजारी, मैनेच्या जागी नव्हे. तुम्हाला हा मास्तरी बारकावा वाटेल. पण एकदा मैना बेळगाव झाली की वाटेगावच्या वेशीवरची बाई गाण्यातून पुसली जाते, आणि गिरणीचा पगारही, आणि भाकरतुकडाही. उरते एक भूमाता, जिच्या नावानं घोषणा देता येतात. हे पुसण्याचं काम अण्णा भाऊंनी केलेलं नाही, ते आपण नंतर केलं. भाषणांत, पाठ्यपुस्तकी उत्तरांत, कॅसेटच्या वेष्टनांवर. शाहिरानं माणूस म्हणून वेशीवर आणलेल्या बाईची आपण पुन्हा सोन्याची सीता केली.

मी हे एका चर्चासत्रात मांडलं तेव्हा एका ज्येष्ठांनी विचारलं, “मग मैना काय म्हणाली असेल असं तुम्हाला वाटतं?” प्रश्न खोचक होता पण चांगला होता. शाहिरीत उत्तर मिळणार नाही हे उघड आहे. जात्यावर मिळेल का? हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या ओव्यांचा आकडा एक लाखाच्या वर जातो, आणि त्यातला मोठा वाटा पुणे जिल्ह्यातला असला तरी साताऱ्या-सांगलीच्या बायकांच्या ओव्या काही वेगळ्या जगातल्या नाहीत. पुरुषाच्या गाण्यात बाई जिच्यासाठी झुरते त्या सख्याला तिथं शोधायला जाल तर चकित व्हाल. ओव्यांत जीव पाखडलाय तो भावावर, आईवर, माहेराच्या वाटेवर, लेकीच्या नांदण्यावर. नवरा आहे, पण बराच मागं. लावणीतली ती शेजेवर तळमळणारी विरहिणी पहाटे जातं ओढताना जवळपास दिसतच नाही. म्हणजे वेशीवर उभ्या त्या बाईचं तोंड उतरलं, ते नक्की कशानं? त्याच्या जाण्यानं, की आता सासरी एकटीनं काढायच्या दिवसांनी? गाणाऱ्याला वाटलं, आपल्यासाठी. त्याला तसं वाटणं साहजिक आहे.

बाकी, मैना गावावर राहिली खरी, पण गावही एका जागी राहिलं नाही. अण्णा भाऊ मुंबईला निघाले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली संस्थानं विलीन झाल्यावर ते ‘दक्षिण सातारा’ नावाच्या नव्या जिल्ह्यात गेलं. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव बदलून सांगली झालं. तोवर अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात राहत होते.